ॲपची पारख

शिक्षकाने ॲप शोधावयास बसताना हाती मोबाइल न घेता आपली टाचणवही घ्यावी, असे मी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी निम्मे जण ती म्हाताऱ्याची लहर समजून हसतात आणि उरलेले निम्मे केवळ शिष्टाचारापोटी गंभीर राहतात. परंतु हे मत लहरीतून जन्मलेले नाही. काही वर्षांपूर्वी एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत, चहाच्या वेळी, एका उत्साही तरुण गुरुजींनी आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर पाढ्यांची, व्याकरणाची, नकाशांची, प्रश्नमंजूषांची अशी सदतीस ॲपे ओळीने मांडलेली होती, आणि ती दाखविताना वडिलार्जित मोहरांची थैली सोडून दाखविणाऱ्या मनुष्याचे कौतुक त्यांच्या मुद्रेवर विलसत होते. "यांतलं काल वर्गात कोणतं उघडलं होतं?" असे मी विचारताच ते थबकले आणि म्हणाले, "काल नाही, सर. पण लागलं तर असावं म्हणून ठेवलंय." लग्नकार्यात लागतील म्हणून माळ्यावर चढविलेली, आणि पुढे लग्न उभे राहिले तरी खाली न उतरलेली भांडी पुष्कळ घरांत असतात, मला त्यांची आठवण झाली.

दोष गुरुजींचा नव्हता, शोधाच्या क्रमाचा होता. ॲपच्या दुकानात शिरून 'शिक्षण' हा शब्द टाकल्याबरोबर जी यादी पुढे उभी राहते, ती आपल्या वर्गाची गरज पाहून लावलेली नसते. तिच्या शिरोभागी पुष्कळदा जाहिरातीचे दाम मोजणारा असतो, आणि त्याच्या खालोखाल ज्याला पुष्कळांनी उतरवून घेतले तो असतो. पुष्कळांनी उतरवून घेतले म्हणजे पुष्कळ शिकले, असे मात्र होत नाही. ताऱ्यांची मोजदादही अशीच फसवी आहे, कारण तारे देणारा ते बहुधा पहिल्या दोन-चार दिवसांच्या हर्षात देऊन टाकतो, आणि तीन महिन्यांनी मुलाला अपूर्णांक उमगला की नाही हे नोंदविण्यासाठी कोणी परत येत नाही. गूगलच्या दुकानात २०२०पासून शिक्षकांनी तपासलेल्या बालॲपांना एक निराळी खूण देण्यास सुरुवात झाली. तिचा लहान मुलांपुरता उपयोग आहे, तथापि ती देणाऱ्या परीक्षकाने आपले पाचवीचे मराठी माध्यमाचे पुस्तक चाळलेले असेल, असे मानण्यास आधार नाही.

हत्यार आधी आणि काम मागाहून, या उलट्या क्रमाचे सर्वांत खर्चिक उदाहरण दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने जगापुढे ठेवले आहे. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या गाजलेल्या चळवळीस अनुसरून तेथील सरकारने लाखो लॅपटॉप शाळांतून वाटले. आणि ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांची रीतसर पाहणी करून २०१२ मध्ये जेव्हा ताळा घेण्यात आला, तेव्हा यंत्रे पोहोचली आहेत, मुले ती हाताळीत आहेत, परंतु गणित आणि भाषा या विषयांत त्यांची प्रगती यंत्र न मिळालेल्या मुलांपेक्षा काही अधिक नाही, असे दिसून आले. यंत्राने कोणत्या पाठातील कोणती अडचण दूर करावयाची, हे ठरविणे राहून गेले, की राहूनच गेले!

तेव्हा टाचणवही उघडावी, आणि ज्या पानावर दरवर्षी वर्ग हटकून अडखळतो ते पान काढावे. माझ्या अनुभवाच्या वहीतील असे एक पान विजेच्या परिपथाचे आहे. घट, तार आणि दिवा यांची आकृती मुले सुबक काढतात, व्याख्या घडाघडा म्हणतात, आणि तरीही दोन दिवे एकापुढे एक जोडले असता दुसरा मंद का होत नाही, दोन्ही सारखेच का जळतात, असा प्रश्न टाकला की त्यांच्या मनातील खरी समजूत बाहेर येते: वीज दिव्यात 'खर्च' होते आणि पुढच्या दिव्याला उरलीसुरली मिळते, अशी ती समजूत असते. ही चूक मूर्खपणाची नव्हे. चुलीतील लाकूड जळून संपते आणि कंदिलातील रॉकेल जळून संपते, मग तारेतील वीजच तेवढी का संपू नये, असा तिच्यामागे बरा तर्क आहे. तो तर्क फळ्यावरील बाणांनी मोडत नाही, कारण प्रवाह डोळ्यांना दिसत नाही. येथे, आणि नेमके येथेच, ॲपला काम आहे.

अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात कार्ल वाइमन या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये 'फेट' नावाचा उपक्रम आरंभिला. आदल्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालेले होते. अशा मनुष्याने प्रयोगशाळेचे वैभव बाजूस सारून शाळकरी मुलांच्या गैरसमजुतींत लक्ष घालावे, ही गोष्ट मला त्या पारितोषिकाइतकीच मोलाची वाटते. या उपक्रमातून तयार झालेल्या सादृश्यचित्रांपैकी कित्येक मराठीतही उपलब्ध आहेत, सर्व विनामूल्य आहेत, आणि एकदा उतरवून घेतल्यावर त्यांतील पुष्कळ इंटरनेटवाचून चालतात. परिपथाच्या चित्रात मूल घट, तारा आणि दिवे बोटाने ओढून जोडते. जोडणी पुरी होताच तारेतून निळे ठिपके सरकू लागतात. आणि दिव्याच्या अलीकडे व पलीकडे ॲमीटर लावून पाहिले असता दोन्ही ठिकाणी एकच आकडा उमटतो. जितके ठिपके दिव्यात शिरले तितकेच बाहेर पडले, हे मुलाने स्वतः मोजलेले असते. गुरुजींनी सांगितलेले नसते.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. खरा घट, खरी तार आणि खरा दिवा हे सारे साहित्य वडापावच्या दोन-चार गाड्यांइतक्या अंतरावर कोणत्याही तालुक्याच्या बाजारात थोडक्या पैशांत मिळते, आणि ते मिळत असता मुलांना केवळ पडद्यावरचा दिवा लावावयास देणे म्हणजे आंब्याच्या दिवसांत आंब्याचे चित्र वाटण्यासारखे आहे. दिवा खरा लावावा. तारेच्या आतील अदृश्य हालचाल तेवढी पडद्यावर पाहावी. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली विज्ञानखेळणी पुण्यातून देशभर गेली आणि त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांसह आजही मोफत मिळतात. ज्या शिक्षकाने ती केली आहेत, त्याला कोणते ॲप अनावश्यक हे सांगावे लागत नाही.

भूमितीत हीच कसोटी लावून 'जिओजेब्रा' निवडावे. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे विद्यार्थिदशेत, २००१च्या सुमारास, ते रचावयास घेतले. त्रिकोणाच्या तीन मध्यगा एकाच बिंदूत मिळतात हे फळ्यावर एका त्रिकोणात दाखविता येते. शिरोबिंदू बोटाने ओढून त्रिकोण वेडावाकडा केला तरी त्या मिळतच राहतात, हे फळा दाखवू शकत नाही.

वाचनाचा प्रश्न याहून निराळा आहे, कारण तेथे अडचण एखाद्या संकल्पनेची नसून पुस्तकांच्या दुर्भिक्षाची आहे. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी वाचनाच्या पायऱ्यांनुसार लावलेल्या सापडतात; परंतु त्याचे खरे मोल गोष्टींच्या संख्येत नाही, परवान्यात आहे. या गोष्टी कोणालाही छापण्याची, वाटण्याची, इतकेच नव्हे तर बदलण्याची आणि भाषांतर करण्याची मुभा आहे. घरी कोरकू किंवा गोंडी बोलणारे मूल पहिलीत आले, की त्याच्यापुढे प्रमाण मराठीचे जे अनोळखी अरण्य उभे राहते, त्यात शिक्षकाने गावातील एखाद्या जाणत्या मनुष्यास शेजारी बसवून त्याच चित्रांखाली त्या मुलाच्या बोलीतील वाक्ये घालावीत, आणि तो कागद छापून वर्गात टांगावा. मोबाइलचे काम तेथे संपते.

आता शासकीय दालनाकडे वळू. केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, सुरू झाले, आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतून आज जी काळी-पांढरी चौकोनी क्यूआर नक्षी दिसते ती पुष्कळ अंशी त्याच्याच दाराची किल्ली आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला या नक्षीची जोड देण्याचा जो प्रयोग केला, त्याची दखल जगाने घेतली. २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. या युक्तीतील शहाणपण असे, की तीत शोधाचा आरंभ दुकानातून होत नाही, पाठाच्या पानावरून होतो. मात्र नक्षीमागे जे सापडते ते सर्वत्र सारख्या प्रतीचे नसते. काही चित्रफिती उत्तम आहेत, आणि काहींत पाठ्यपुस्तकातील उतारा संथ स्वरात मोठ्याने वाचण्यापलीकडे काही नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी ती चित्रफीत शिक्षकाने अखेरपर्यंत पाहिलेली असावी. अर्धी पाहून 'ठीक आहे' म्हणण्याचा शिरस्ता आपल्याकडे फार बोकाळला आहे.

मराठी म्हणून जे ॲप पुढे येते त्याची भाषापरीक्षा करणे हे तर मी प्रत्येक शिक्षकाचे विहित कर्तव्यच समजतो. पुष्कळशी ॲपे हिंदीचा अंगरखा उसवून मराठीला चढवितात, आणि शिवण उघडी पडते ती ठरावीक ठिकाणी. 'ळ'च्या जागी 'ल' पडला आहे काय, ते पाहावे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमालेतील अक्षरांची वळणे निश्चित केलेली आहेत. पहिलीचे मूल पाटीवर एका वळणाचा 'ल' आणि 'श' गिरवीत असता पडद्यावर दुसऱ्याच वळणाचे भेटले, तर चूक मुलाची धरली जाते. यंत्राचा आवाज पाठ वाचीत असेल तर त्याच्याकडून 'चार' आणि 'चाक' हे दोन शब्द वदवून घ्यावेत: अक्षर एकच, स्वर एकच, परंतु पहिल्यातील 'च' तालव्य आणि दुसऱ्यातील दंत्य, आपल्या घरातील तीन वर्षांचे पोर हा भेद अचूक पाळते, आणि भले भले यंत्र तेथे ठेच खाते. संख्यांचे तर विचारूच नये. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' अशी वाचनपद्धती आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला, आणि समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना तिचे समर्थन करावे लागले, हे अनेकांना स्मरत असेल. (माझे स्वतःचे मत त्या पद्धतीस अनुकूल होते, आणि त्यापायी मी काही मित्र गमावले.) ज्या पद्धतीने वर्गात संख्या म्हटल्या जातात, त्याच पद्धतीने ॲप त्या म्हणते की नाही, एवढे मात्र कोणत्याही पक्षाच्या शिक्षकाने तपासावे.

भाषेनंतर परवानगी. ॲप उतरवून घेताना ते आपल्याकडे काही परवाने मागते, आणि आपण दरखास्त न वाचता सही करणाऱ्या जुन्या जमीनदाराप्रमाणे 'मान्य आहे' या शब्दावर अंगठा टेकवितो. पाढे शिकविणाऱ्या ॲपला आपल्या संपर्कसूचीशी काय कर्तव्य? व्याकरणाच्या प्रश्नमंजूषेला मूल या क्षणी कोणत्या गावात उभे आहे हे कळून काय करावयाचे आहे? नकाशावाचनाच्या ॲपने स्थान विचारले तर समजता येते, उच्चार तपासणाऱ्याने ध्वनिग्राहक मागितला तर तेही रास्त आहे. मागणी आणि काम यांचा मेळ बसत नसेल तेथे मात्र परवाना नाकारावा, आणि नाकारल्यावर ॲप चालत नसेल तर ते काढून टाकावे. करोनाच्या काळात घाईघाईने स्वीकारलेल्या शैक्षणिक साधनांची ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने ४९ देशांत तपासणी केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार १६४ साधनांपैकी ८९ टक्के साधनांची माहिती गोळा करण्याची रीत मुलांच्या हक्कांना बाधक होती किंवा होऊ शकत होती. आपल्याकडे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीस मूल मानून तिच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरविली आहे, आणि काही सवलती सोडल्यास मुलांवर पाळत ठेवणे व त्यांना हेरून जाहिराती दाखविणे यांस मनाई केली आहे. कायदा झाला हे उत्तम झाले. परंतु तिसरीच्या वर्गातील चाळीस मुलांची नावे, जन्मतारखा आणि छायाचित्रे एखाद्या अपरिचित ॲपमध्ये भरून देणारा हात बहुधा शिक्षकाचाच असतो, आणि त्या हाताला थांबविण्यास कोणताही अंमलदार वर्गात उभा नसतो.

ॲप फुकट असेल तर त्याचा निर्वाह कशावर चालतो, हेही विचारावे. विद्यापीठाचे अनुदान, लोकांच्या देणग्या, सरकारी खजिना, जाहिराती, की पहिले तीन धडे मोफत देऊन चौथ्यावर लावलेले कुलूप? गुणाकाराच्या प्रत्येक बरोबर उत्तरामागे सोन्याची नाणी खणखणविणारी ॲपे मुलांना फार आवडतात. आणि थोड्याच दिवसांत असे दिसते, की मूल गुणाकारासाठी नाणी मिळवीत नसून नाण्यांसाठी गुणाकार उरकीत आहे, उत्तराचे चार पर्याय एकामागून एक दाबून पाहत आहे, आणि दमडीचाही विचार करीत नाही.

येथवर शिक्षकाविषयी बोललो. विद्यार्थ्याची गरज निराळी असते, विशेषतः आठवी-नववीनंतर, जेव्हा त्याचा मुख्य वैरी अज्ञान नसून विस्मरण असते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून आणि किती काळाने त्यांतील किती उरते हे चिकाटीने मोजून, पाठांतर प्रथम वेगाने आणि मग हळूहळू ओसरते असे दाखविले. याच ज्ञानाचा व्यवहारात उपयोग करून १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी कप्प्यांच्या पेटीची युक्ती सुचविली: प्रश्न पुठ्ठ्याच्या तुकड्यावर, उत्तर पाठीमागे, उत्तर आले तर तुकडा पुढच्या, विरळ उघडावयाच्या कप्प्यात, चुकले तर पुन्हा पहिल्यात. 'अंकी' नावाचे ॲप ही पेटीच खिशात घालते. २००६ मध्ये डेमियन एल्म्स यांनी ते सुरू केले. अँड्रॉइड फोनवर ते मोफत आहे. आणि त्याचे नाव मराठी अंकावरून आलेले नसून जपानी भाषेत त्याचा अर्थ पाठांतर असा आहे. त्याच २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी केलेल्या प्रयोगात, उतारा पुनःपुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत सरस ठरले, परंतु आठवड्यानंतर मात्र स्वतःची परीक्षा घेणारे पुढे गेले. 'वाचलं होतं, पण आठवत नाही' या आपल्या घराघरांतील तक्रारीचे मूळ या पाच मिनिटांच्या खोट्या समाधानात आहे. एक पथ्य सांभाळावे: दुसऱ्याने केलेले तयार प्रश्न उतरवून घेऊ नयेत. प्रश्न स्वतः लिहिताना अर्धा अभ्यास होतो.

शेवटची परीक्षा शाळेच्या परिस्थितीची. आदल्या दिवशी शिक्षकाने मोबाइल विमान-अवस्थेत टाकावा आणि सबंध पाठ तसाच चालवून पाहावा. कारण वाडीवरच्या शाळेत, पावसाळ्यात, अकरा वाजता, जाळे नेमके कोठे जाते हे कोणास ठाऊक. चाळीस मुलांत एक पडदा असेल तर मागच्या रांगेला अक्षर दिसते काय, हे मागच्या रांगेत जाऊन बसून पाहावे. आणि घरी अभ्यास द्यावयाचा तर घरातील मोबाइल कोणाचा, हे विचारावे. तो वडिलांबरोबर कामावर जातो, रात्री आठाला परत येतो, आणि त्यानंतर तो आधी थोरल्या भावाला मिळतो. टाळेबंदीच्या काळात हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांना वेगळे सांगावयास नको.

हे सर्व सोपस्कार पाळून निवडलेले ॲप वर्गात कसे वागते, याचे एक चित्र माझ्या मनात आहे. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथे वर्षातून दोनदा मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्याच्या अक्षांशावर हा योग मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येतो. म्हणजे पहिल्या खेपेस शाळा बंद, आणि दुसऱ्या खेपेस आकाश बंद! माझ्या परिचयाच्या एका शिक्षिकेने म्हणून 'स्टेलेरियम' हे ताऱ्यांचे मुक्त ॲप घेतले, त्यात पुण्याचे स्थान आणि ३० जुलै ही तारीख घातली, काळ पुढे सरकविला, आणि सूर्य खस्वस्तिकाशी येतो ती वेळ मुलांना वहीत टिपून घ्यावयास सांगितली. बारा वाजून एकेचाळीस मिनिटे झाली. मग तिने मोबाइल कपाटात ठेवला आणि मुलांना पटांगणात ध्वजस्तंभाशी नेले. ढग होतेच, अर्धा तास भिजट उजेडात काही दिसले नाही, आणि मधूनच पाचसहा मिनिटे ऊन पडले, तेव्हा स्तंभाची सावली त्याच्या बुंध्याशी गोळा होऊन बसलेली होती. टाळ्या झाल्या. एका मुलीने मात्र टाळी वाजविली नाही. "बाई," ती म्हणाली, "सूर्य डोक्यावर आला म्हणजे बारा ना? मग घड्याळात पाऊण कसा वाजायला आला?" बाईंनी वर्गात परतून भिंतीवरचा भारताचा नकाशा खाली उतरविला, मिर्झापूरजवळून जाणारी साडेब्याऐंशी अंशांची रेषा शोधावयास सांगितली, आणि मुले पुण्यापासून तिच्यापर्यंतचे अंश पट्टीने मोजू लागली.